उजेड आत, ऊन बाहेर

फिनलंडमध्ये हिवाळ्यात सूर्य क्षितिजालगतच राहतो. म्हणून वास्तुशिल्पी आल्व्हार आल्टो यांनी विपुरीच्या ग्रंथालयाच्या (१९३५) छतात शंकूसारखे खोल झरोके ठेवले. त्यांच्या कडांवर आपटून प्रकाश विखुरतो. वाचणाऱ्याची सावली पुस्तकावर पडत नाही.

आपल्याकडे प्रश्न उलटा. कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे (१९१६–२००२) यांनी कानपूरच्या आय.आय.टी.च्या इमारती सावलीच्या मार्गांनी जोडल्या. ऊन अडवले, वारा खेळता ठेवला.

कसाऱ्याच्या पावसात झड आत येते, म्हणून आपण वर्गाच्या खिडक्या लावतो. मग मागच्या मुलाला फळा दिसतो का? खिडकीवर रुंद छज्जा असेल तर झड अडते आणि खिडकी उघडी राहते. आपल्या वर्गाचा छज्जा किती रुंद आहे, हे मुलांबरोबर मोजून पाहू या.