वैनगंगेपलीकडील विरळ वस्ती व तेथील भाषा

कळमन्याहून निघून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी ही गावे मागे टाकीत गेले म्हणजे वैनगंगा लागते. तिच्या पैलतीरी गडचिरोली जिल्हा. चंद्रपुरातून तो 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा निघाला. क्षेत्र 14,412 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्याच्या जवळजवळ दीडपट; परंतु 2011 च्या खानेसुमारीत तेथे माणसे भरली 10,72,942. नागपुरात त्याच वेळी 46 लाखांवर भरली. दर चौरस किलोमीटरास इकडे 470, तिकडे 74. हे आकडे वाचून तो मुलूख ओसाड आहे असे आपणा मैदानी कास्तकारांस वाटते. महसूल खात्याच्या नोकरीत त्या बाजूस काही वर्षे काढीपर्यंत मलाही तसेच वाटत असे.

वस्ती थोडी, पण बोली किती! वडसा, आरमोरीकडे झाडीबोली चालते. तेथील हिवाळी नाटके वाचकांनी पाहिलीच असतील. कोरची, कुरखेड्याकडे छत्तीसगढी व हलबी कानी पडते. दक्षिणेस सिरोंचा प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळ असल्याने तेथील बाजार तेलुगूत भरतो. चामोर्शी, मुलचेरा या तालुक्यांत पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची गावे असून घरात बंगाली बोलतात. आणि एटापल्ली, भामरागडच्या डोंगरात माडिया. ही गोंडीची बहीण. गोंडी ही मराठीच्या कुळातली नव्हे, तेलुगू-तमिळाच्या कुळातली. ग्रियर्सनसाहेबांच्या देखरेखीखाली झालेल्या भाषा-पाहणीच्या चौथ्या खंडात, 1906 साली, तिचे वर्णन छापले आहे. साऱ्या देशात गोंडी बोलणारे 2011 साली 29 लाखांवर होते. तथापि घटनेच्या आठव्या परिशिष्टात ज्या 22 भाषा आहेत त्यांत तिचे नाव नाही.

हेमलकशास 1973 पासून दवाखाना चालविणाऱ्या डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांस आधी माडिया शिकावी लागली, कारण रोगी काय दुखते ते त्याच भाषेत सांगे. आम्हा कारकुनांवर तशी पाळी आली नाही. आमच्यापुढे येणाऱ्याने आमची भाषा शिकावी, असा आमचा रिवाज.

त्या रिवाजाचे एक फळ सांगतो. 2006 चा वनहक्क कायदा लागू झाल्यावर दावे येऊ लागले. आदिवासी दावेदाराचा ताबा 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा असावा, अशी अट. एक वृद्ध माडिया दाव्यास आला. कचेरीचे नाव सांगत नाही. लेखणी माझीच होती. भाषा आमच्यापैकी कोणास येत नव्हती, म्हणून थोडेबहुत समजणाऱ्या एका शिपायास मध्ये घातले. म्हातारा पुनःपुन्हा हात डोंगराकडे करी व ‘पेंडा’ म्हणे. शिपाई म्हणाला, ‘‘पडीत म्हणतो आहे, साहेब.’’ मी लिहिले, ‘‘जमीन पडीत, वहिवाट नाही,’’ व खाली अंगठा घेतला.

पुढे एका शाळामास्तरांनी उलगडा केला. पेंडा म्हणजे उतारावरील झाडी तोडून, जाळून, राखेत धान्य पेरावयाचे शेत. दोन-तीन वर्षे पिकले की ते सोडतात, रान पुन्हा माजू देतात, आणि कित्येक वर्षांनी त्याच कुटुंबाचे लोक तेथेच परत येतात. म्हणजे म्हाताऱ्याने वहिवाटच सांगितली होती आणि मी ती नाकारून त्याच्याच अंगठ्याखाली मांडली होती. आपणही एखादे वावर वर्षभर पडीत ठेवतो, म्हणून त्यावरचा हक्क कोणी सोडतो काय? ही साधी गोष्ट मला, शेतकऱ्याच्या मुलाला, त्या दिवशी सुचली नाही.

दुरुस्तीचे टिपण मी वर पाठविले. वरून शेरा आला की जबाब एकदा नोंदला तो नोंदला. आणखी एकदा लिहिले, तोवर बदलीचा हुकूम हाती पडला. त्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंडांच्या गावास 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला; तेथे गावसभा सर्वांच्या एकमताने ठराव करते व आपले दप्तर आपण ठेवते. माझ्या म्हाताऱ्याजवळ दप्तर नव्हते. त्याच्या दाव्याचे काय झाले ते विचारण्यास मी पुढे दोनदा पत्र टाकले. उत्तर आले नाही.