पवनचक्की फिरवा आपल्या संगणकावर!

पुण्याहून नगरच्या रस्त्याला लागले, की सुपा परिसरात डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या दिसू लागतात. एक उंच खांब आणि त्याच्या टोकाशी संथपणे फिरणारी तीन पाती. संगणकावर चित्रे काढण्याची आणि ती हलती करण्याची विद्या ज्याला स्वतःच्या बळावर शिकायची आहे, त्याला याहून चांगला पहिला धडा सापडणे कठीण.

कॉम्प्युटर ग्राफिक्स म्हटले, की महागडे अभ्यासक्रम आणि त्याहून महागडी सॉफ्टवेअर असे समीकरण अनेक घरांत पक्के झालेले असते. सुप्यासारख्या गावातील मुलाला तर शुल्काबरोबर शहरातील राहण्याखाण्याचा खर्चही मोजावा लागतो. कर्ज काढून प्रवेश घ्यायचा आणि सहा महिन्यांनी या कामात आपले मन रमत नाही, हे कळायचे, ही जोखीम लहान नाही. ती पत्करण्यापूर्वी घरबसल्या आणि विनामूल्य स्वतःची परीक्षा घेता येते.

साधनांची उणीव मुळीच नाही. छायाचित्रांवर काम करण्यासाठी 'गिम्प', रेषांनी बांधलेल्या बोधचिन्हांसाठी व निमंत्रणपत्रिकांसाठी 'इंकस्केप' आणि त्रिमिती प्रतिमा व चलच्चित्रांसाठी 'ब्लेंडर' ही सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली मिळतात. 'ब्लेंडर'ची कथा तर मोठी बोलकी आहे. हे सॉफ्टवेअर चालविणारी कंपनी बंद पडली, तेव्हा त्याचे जनक टॉन रोझेंडाल यांनी 2002 मध्ये लोकांना आवाहन केले. अवघ्या सात आठवड्यांत एक लाख युरो जमले आणि ऑक्टोबर 2002 मध्ये त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली झाली. याच 'ब्लेंडर'मध्ये घडविलेल्या 'फ्लो' या लॅटव्हियन चित्रपटाने 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर पटकावले. चोरीची प्रत वापरून फुकटात काम भागविणे निराळे आणि हक्काने मिळणारे मुक्त सॉफ्टवेअर निराळे. येथे व्यवसायासाठी वापर करायलाही कोणाची मनाई नाही.

शिकविणारेही आहेत. मुंबईच्या आयआयटीतून सुरू झालेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात या सॉफ्टवेअरचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ आहेत आणि त्या प्रकल्पातील अनेक पाठांना मराठी निवेदनाची जोड आहे. पाठ ऐकायचा, थांबवायचा आणि तीच कृती शेजारच्या खिडकीत करून पाहायची, अशी त्याची पद्धत आहे. मात्र पाठ कोणत्या आवृत्तीवर बेतलेला आहे, हे आधी पाहावे. 2019 मध्ये 'ब्लेंडर'चा तोंडवळा बराच बदलला. त्यापूर्वीच्या पाठातील बटणे नव्या आवृत्तीत शोधत बसल्यास नवशिक्याचा धीर खचतो. अलीकडच्या आवृत्त्यांना किमान 8 जीबी मेमरी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

आता पवनचक्कीकडे वळू. खांब म्हणजे वर निमुळता होत गेलेला दंडगोल. पाती तीन असली, तरी घडवायचे एकच. त्याची प्रत 120 अंशांनी फिरविली की दुसरे आणि 240 अंशांनी फिरविली की तिसरे पाते तयार. संगणक हे फिरविण्याचे काम कसे करतो? कनिष्ठ महाविद्यालयात शिकलेल्या त्रिकोणमितीने! बिंदूचा नवा 'क्ष' काढताना जुन्या 'क्ष'ला कोनाच्या कोसाइनने गुणायचे आणि त्यातून जुना 'य' गुणिले साइन वजा करायचे. नव्या 'य'साठी जुना 'क्ष' गुणिले साइन आणि जुना 'य' गुणिले कोसाइन यांची बेरीज करायची. पात्याचे टोक (0, 10) येथे असेल, तर 120 अंशांनंतर ते (−8.66, −5) येथे जाते. कागदावर मांडून पाहिले, की परीक्षेपुरते पाठ केलेले सूत्र प्रथमच डोळ्यांना दिसते.

येथे नवशिक्याची हमखास एक चूक होते. पाते तुंब्याभोवती न फिरता स्वतःच्या मध्याभोवती गिरक्या घेऊ लागते. कारण वरील सूत्र आरंभबिंदूभोवती फिरविते आणि त्या पात्याचा आरंभबिंदू त्याच्या पोटात राहिलेला असतो. तो तुंब्याच्या मध्यावर आणला, की पाते ताळ्यावर येते. कारण समजले, की ही चूक पुन्हा होत नाही. केवळ बटणे पाठ करणारा मात्र प्रत्येक नव्या चित्रात तेथेच अडतो.

चक्की फिरविताना आणखी एक गंमत उमगते. सेकंदाला 24 चित्रे आणि पाच सेकंदांत एक फेरा असे धरल्यास एका फेऱ्याला 120 चित्रे लागतात. पण तिन्ही पाती सारखीच असल्याने 120 अंश फिरताच दृश्य पूर्ववत होते. म्हणजे 40 चित्रे पुरेशी, पुढे त्यांचीच पुनरावृत्ती. पहिल्या चित्रात शून्य आणि एकेचाळिसाव्यात 120 अंश नोंदवून पहिली 40 चित्रेच दाखवायची. गतीचा प्रकार 'लिनिअर' ठेवायचा, अन्यथा प्रत्येक आवर्तनात पाती उगाच मंदावतात. जुन्या संगणकाला एका चित्रास एक मिनिट लागत असेल, तर दोन तासांचे काम 40 मिनिटांत आटोपते.

मोफत शिक्षणात एक उणीव मात्र खरी आहे. 'हे चुकले' असे सांगणारे कोणी नसते. पाठामागून पाठ पाहिले जातात, 'समजले' असे वाटते आणि हाती पूर्ण झालेले काहीच नसते. त्यावर उपाय एकच. डोळ्यांसमोरची वस्तू निवडावी, ती पूर्ण करावी आणि मुळाशी ताडून पाहावी. पाते मुळाशी रुंद आणि टोकाशी निमुळते आहे का? खांबावर सावली कोठे पडते? अशी पाच-सहा कामे पूर्ण झाली, की पुढे अभ्यासक्रमाला पैसे मोजावेत की नाही, याचे उत्तर आपले आपल्यालाच मिळते. तोवर परीक्षक म्हणून सुप्याच्या डोंगरावरची ती चक्की आहेच.