नारळाच्या दुधातले फळांचे वॉफल

गेल्या सुटीत दुपारी घरी मटणाची करी होती. जेवण आटोपताच नातू म्हणाला, "आजी, आता वॉफल कर!" लोणी-दुधाचे वॉफल म्हणजे सहा तास थांबणे आले. पोराचा चेहरा उतरला. तेव्हा आठवले, रोश हाशानाला आपल्या आया चिकाचा हलवा नारळाच्या दुधातच करायच्या. मग वॉफलला तेच दूध का नको?

साहित्य : मैदा २ वाट्या, बेकिंग पावडर ३ चहाचे चमचे, साखर २ मोठे चमचे, मीठ व वेलदोड्याची पूड चिमूटभर, अंडी २, नारळाचे दूध दीड वाटी, तेल पाव वाटी, पिकलेले केळे १.

कृती : अंडी एकेक करून काचेच्या पेल्यात फोडावीत. रक्ताचा ठिपका दिसला तर ते अंडे टाकावे. पिवळा बलक, नारळाचे दूध, तेल व कुस्करलेले केळे कालवून कोरड्या जिनसांत घालावे. पांढरे फेसून शेवटी हलक्या हाताने मिसळावे. यंत्र चांगले तापले की तेल लावून पीठ ओतावे. वाफ थांबेपर्यंत झाकण उघडू नये, नाहीतर वॉफल मधोमध फाटतो. काढून जाळीवर ठेवावा. एकावर एक रचले की मऊ पडतात.

रसाळ फळे पिठात घालू नयेत, चिकटतात. आंब्याच्या फोडी, डाळिंबाचे दाणे वरून द्यावेत. यंत्र मात्र पारवेसाठी वेगळे हवे, आणि नारळाच्या दुधाच्या डब्यावरचा शिक्काही पाहावा.

बोट भाजले तर बर्फ, टूथपेस्ट काही लावू नका. २० मिनिटे नळाच्या थंड पाण्याखाली धरा. वॉर्डात जन्मभर हेच सांगत आले.

नातवाने तीन खाल्ले. म्हणाला, "आजी, याला तुझ्या हलव्याचा वास येतो."

येणारच की!