वायपरचं ब्लेड : बसणं आणि लागणं



खर्ड्यात कुणी व्याख्यान द्यायला उभं राहिलं की लोकांना वाटतं, आता १७९५ ची लढाई येणार. निजामाचं सैन्य, मराठ्यांचं सैन्य, समोरचा किल्ला. त्या विषयावर आमच्यापेक्षा जास्त माहिती असलेली माणसं इथे पहिल्याच रांगेत बसली आहेत, म्हणून त्या वाटेला आम्ही जाणार नाही. आजचा विषय मोटारीच्या पुढच्या काचेवर फिरणारा वायपर आहे. तोही स्पोर्ट्स कारचा. विषय जाहीर झाला तेव्हा एकांनी विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून गॅरेज काढलंत की काय?" गॅरेज काढलेलं नाही. पण चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून जे नीट कळलं नव्हतं, ते एका रबराच्या पट्टीने आम्हाला शिकवलं, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनची गोष्ट. आमचा भाचा पुण्याला नोकरीला आहे. त्याने हौसेने जुनी, दोन आसनांची स्पोर्ट्स कार घेतली. आम्हाला घेऊन तो जामखेडहून खर्ड्याकडे निघाला होता. दिवेलागणीची वेळ. पहिलाच पाऊस. पहिला पाऊस म्हणजे नुसतं पाणी नसतं, काचेवर चार महिन्यांची धूळ असते, तिचा चिखल होतो. भाच्याने वायपर लावला आणि काच पुसली जायच्या ऐवजी सारवली गेली. समोरून ट्रक आला. या गाड्यांची बैठक इतकी खाली असते की ट्रकचे दिवे सरळ डोळ्यांत येतात. काचेवरच्या चिखलात तो उजेड असा पसरला की समोर नुसती पांढरी भिंत. ट्रक गेला आणि दिसलं की आमच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर, एक माणूस सायकल ढकलत चालला आहे. कॅरिअरला पोतं बांधलेलं.

भाच्याने गाडी बाजूला घेतली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, मला तो माणूस दिसलाच नाही."

सकाळी आम्ही दोघांनी वायपर पाहिला. ब्लेड नवं कोरं होतं, आठ दिवसांपूर्वी बसवलेलं. दुकानदार म्हणाला होता, "सगळ्या गाड्यांना बसतं." आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ब्लेड बसलं होतं. पण काचेला मधोमध लागतच नव्हतं. नेमकं चालकाच्या डोळ्यांसमोर वीतभर पट्टा कोरडाच राहत होता, म्हणजे पुसला न जाता राहत होता.

मराठीत ही दोन क्रियापदं आहेत, बसणं आणि लागणं. दांड्याला बसलं म्हणजे काचेला लागलं, असं होत नाही. आजचं सगळं व्याख्यान एवढंच आहे. आता ते उलगडून सांगतो.

वायपर नेमकं काय करतो?

१९०३ साली अमेरिकेत मेरी अँडरसन नावाच्या बाईंना वायपरचं पेटंट मिळालं. न्यूयॉर्कच्या थंडीत ट्रामचा चालक समोरचं दिसावं म्हणून काच उघडून बसतो, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या साधनात आतून हाताने दांडा फिरवायचा आणि बाहेर रबराची पट्टी काच पुसायची. त्यानंतर मोटर आली, थांबून थांबून चालणारा वायपर आला, पाऊस ओळखणारे सेन्सर आले. पण काचेला जे टेकतं ते अजून रबरच आहे.

या रबराची टेकणारी कड एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. वर एक नाजूक मान असते. वायपर उजवीकडे निघाला की कड डावीकडे कलते, म्हणजे मागे ओढली जाते. परत फिरताना ती उलटी पडते. शांत गाडीत प्रत्येक फेरीच्या टोकाला हलकासा 'टक' असा आवाज येतो तो याचाच. म्हणजे वायपर काच खरवडत नाही. तो पाण्याचा इतका पातळ थर मागे ठेवतो की उजेड त्यातून न विखुरता आरपार जातो. दांड्यातली स्प्रिंग ब्लेडला दाबून धरते. हा दाब साधारणपणे दर सेंटीमीटरला पंधरा ग्रॅमच्या आसपास असतो. इतका कमी! पण तो पूर्ण लांबीवर सारखा हवा. आमच्या भाच्याच्या गाडीत नेमका तोच सारखा नव्हता.

तीन अटी

आता आम्ही आमच्या जुन्या घरी जातो. न्यायशास्त्रात विचारलं आहे, शब्द एकत्र आले की त्यांचं वाक्य कधी होतं? अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त तीन अटी दिल्या आहेत: आकांक्षा, योग्यता, सन्निधी. उदाहरणं आम्ही आमची देतो. 'टेबल, आंबा, काल, छत्री' असं म्हटलं तर अर्थ लागत नाही, कारण एका शब्दाला दुसऱ्याची अपेक्षाच नाही. ती आकांक्षा. 'निखाऱ्यांनी रोपं भिजवली' म्हटलं तर व्याकरण बरोबर, पण निखाऱ्यात भिजवण्याची लायकी नाही. ती योग्यता. आणि सकाळी 'चहा' म्हणून संध्याकाळी 'द्या' म्हटलं तर चहा मिळत नाही. शब्द लागोपाठ यायला हवेत. ती सन्निधी.

ब्लेड घ्यायला गेलात की हेच तीन प्रश्न विचारा.

पहिली आकांक्षा. दांड्याचं टोक कशाची अपेक्षा करतं? बहुतेक गाड्यांना इंग्रजी 'जे'सारखा वाकलेला हूक असतो. पण बऱ्याच परदेशी गाड्यांना बटण दाबून सुटणारी, बाजूच्या पिनेची किंवा दोन्हीकडून चिमटीत धरायची जोडणी असते. हुकाचीही रुंदी वेगवेगळी असते. ब्लेडबरोबर प्लास्टिकचे चार-पाच तुकडे येतात, त्यातला 'जवळपास बसणारा' लावू नका. जो 'खट्' वाजून बसतो आणि ओढून हलत नाही तोच तुमचा. जुनं ब्लेड काढून सोबत न्या, सगळ्यात उत्तम.

लांबी हीसुद्धा आकांक्षेतच येते. लांबी इंचात सांगतात, २२, १९ अशी. दोन्ही बाजू सारख्या नसतात, चालकाकडचं ब्लेड बहुधा लांब असतं. इथे एक फसगत होते. परदेशी तक्त्यात डावं-उजवं लिहिलेलं असतं ते तिकडच्या गाडीचं, जिथे चालक डावीकडे बसतो. आपण उजवीकडे बसतो. म्हणून डावं-उजवं न वाचता चालकाची बाजू आणि शेजारची बाजू असं वाचा. आणि 'जरा लांब घेतलं तर जास्त पुसेल' हा मोह टाळा. लांब ब्लेड काचेच्या कडेच्या खांबाला नाहीतर दुसऱ्या ब्लेडला आपटतं. शिवाय स्प्रिंग तीच असते, तिचा दाब जास्त लांबीवर वाटला जातो आणि प्रत्येक सेंटीमीटरच्या वाट्याला कमी येतो.

योग्यता : इथे स्पोर्ट्स कार वेगळी पडते

स्पोर्ट्स कारची काच ठेंगणी, रुंद, फार कललेली आणि टोकांना वळलेली असते. ती पुसायची अडचण जुनीच आहे. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपला काच रुंद पण उंची कमी म्हणून तीन छोटे वायपर होते. लॅम्बोर्गिनी कुंताशला मात्र एकच लांबलचक. कोणतं बरोबर? दोन्ही, आपापल्या काचेसाठी. 'चांगलं ब्लेड कोणतं?' हा प्रश्नच अर्धा आहे. 'कशासाठी चांगलं?' हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

ब्लेडचे ढोबळ दोन प्रकार. एक जुना, लोखंडी कमानींचा. त्याच्या कमानी रबराला चार-सहा ठिकाणी दाबतात. दुसरा सपाट, ज्यात रबराच्या आत स्प्रिंगच्या पोलादाची वाकवलेली पट्टी असते आणि दाब सगळीकडे पसरतो. वेगाने जाणाऱ्या गाडीला बहुधा सपाट ब्लेड बरं, कारण वारा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० वरून तुम्ही १२० वर गेलात, समृद्धी महामार्गावर तशी परवानगी आहे, तर वेग दुप्पट पण वारा चौपट. तो कमानीच्या ब्लेडखाली शिरतो आणि ते उचलतो. सपाट ब्लेडच्या पाठीवर रबराचा पंखा असतो, तो त्याच वाऱ्याचा उपयोग करून ब्लेड खाली दाबतो. मात्र त्या पंख्याची दिशा बरोबर हवी, उलटा बसला तर तोच ब्लेड उचलेल.

पण सपाट ब्लेडचा बाक ठरलेला असतो. तो तुमच्या काचेच्या बाकाशी जुळला नाही तर एकतर टोकं उचलली जातात नाहीतर मध्य. भाच्याच्या गाडीत मध्य उचलला होता. ब्लेड महाग होतं, नवीन होतं, पण दुसऱ्याच काचेचं होतं.

आपल्याकडे थोड्याच संख्येने निघालेल्या स्पोर्ट्स कार आहेत. गोव्यात तयार झालेली फायबरग्लासची सॅन स्टॉर्म घ्या, किंवा दिलीप छाब्रियांच्या 'डीसी'ची अवंती, जी २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत पहिल्यांदा दिसली. अशा गाडीचं नाव दुकानाच्या तक्त्यात सापडेलच असं नाही. मग टेप घ्या, जुनं ब्लेड टोकापासून टोकापर्यंत मोजा, जोडणीचा फोटो काढा आणि काचेवर धरून बाक पाहा. नावावरून न मिळालेली वस्तू मापावरून मिळते.

योग्यतेचा शेवटचा भाग म्हणजे हवामान. आपला जामखेड तालुका पर्जन्यछायेतला. इथे वायपर झिजून मरत नाही, न वापरून मरतो. मार्च ते मे ब्लेड तापलेल्या काचेला चिकटून उन्हात पडलेलं असतं. ऊन आणि हवेतला ओझोन रबर कडक करतात, कडेला बारीक चिरा पडतात, मान एका बाजूला कलून तशीच राहते. सिलिकॉनचं ब्लेड उन्हाला जास्त टिकतं, किंमतही जास्त. पण धुळीला कुठलंच ब्लेड पुरत नाही. कोरड्या धुळीवर वायपर फिरवणं म्हणजे काचेवर पॉलिश पेपर फिरवणं. आधी पाणी, मग वायपर.

सन्निधी

तिसरी अट, मधे काही नको. ब्लेड आणि काच यांच्यामध्ये धूळ, तेलाचा थर, गाडी धुताना राहिलेलं मेण, काहीही असलं तर उत्तम ब्लेडसुद्धा वाया. नवीन ब्लेड लावायच्या आधी काच साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवा. जुन्या ब्लेडचं रबर ओल्या फडक्याने पुसा, कधी कधी तेवढ्यानेच काम होतं आणि खर्च वाचतो.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, ब्लेड बिघडलं की काच, हे कसं ओळखायचं? चांगला प्रश्न आहे. काचेवर पाणी टाका, वायपर फिरवा आणि पाहा. बारीक रेघा राहिल्या तर रबराला चिरा आहेत किंवा कडेला कचरा आहे. रुंद पट्टा राहिला तर दाब किंवा बाक चुकला. एका दिशेने गुळगुळीत आणि परतताना थरथर, तर रबर कडक झालं आणि कड उलटत नाही, किंवा दांडा पिळला गेला आहे. आणि सगळीकडे धुकट, तर ब्लेडला दोष देऊ नका, काच धुवा.

बदलताना दोन गोष्टी सांभाळा. काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवा. ब्लेड काढलेला नुसता दांडा सुटून काचेवर आपटला तर शंभरातल्या वस्तूपायी हजारांची काच जाते. आणि बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये वायपर बॉनेटच्या कडेखाली दडलेले असतात. ते तसेच वर ओढले तर बॉनेटचा रंग उडतो. त्यांना आधी उभं करायची रीत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, ती वाचा.

मृगाच्या आधी

कायदाही वायपर मागतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत चालू स्थितीतल्या वायपरची अट आहे. पण कायदा वायपर आहे की नाही हे पाहतो. तो काचेला लागतो की नाही, हे आपणच पाहायचं.

इथले शेतकरी मृगाच्या आधी पाभर बाहेर काढतात, फण पाहतात, दोऱ्या बदलतात. पाऊस आल्यावर कुणी ते करत बसत नाही. वायपरचंही तसंच. मे संपायच्या आत एका सकाळी बादलीभर पाणी काचेवर ओता आणि पाहा. दहा मिनिटांचं काम.

भाच्याने त्याच आठवड्यात मापं घेऊन योग्य ब्लेड मागवलं. गाडी तीच, रस्ता तोच. आता दर जूनमध्ये तो आम्हाला फोन करून सांगतो, "मामा, काच पाहिली." आम्ही त्याला दुसरं काही विचारत नाही. सायकल ढकलत जाणारा तो माणूस कोण होता, हे आम्हाला कधी कळलं नाही. त्यालाही कळलं नसेल की त्या संध्याकाळी त्याच्या आणि आमच्यामध्ये काय होतं. वीतभर पट्टा होता, जिथे ब्लेड बसलं होतं पण लागलं नव्हतं.