पगारातले ११३ रुपये

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लागून दोन महिने झालेला माझा एक मित्र परवा रविवारी गारगोटीला आला होता. स्टँडजवळ चहा घेताना त्यानं मोबाईलवर पगाराची स्लिप दाखवली. पगार १५ हजार. खाली एक ओळ : ईएसआय, ११३ रुपये.

"हे कशाचं रं? दर महिन्याला कापत्यात. मी तर एकदा पण दवाखान्यात गेलो न्हाई."

टेबलावर दुसरा एक जण होता. आमच्याच वर्गातला, पण ठेकेदाराकडून कामाला. तो म्हणाला, "आमच्यात काय कापत न्हाईत. सगळा पगार हातात." हे सांगताना त्याच्या हातात कप होता आणि त्या हाताचं पहिलं बोट निम्मंच होतं. ऐन पावसाळ्यात प्रेस मशिनमध्ये गेलं. खासगी दवाखान्याचं बिल भागवायला वडलांनी दुभती म्हैस विकली. ठेकेदार एकदा भेटायला आला, दोन शहाळी ठेवली आणि गेला. नंतर फोन उचलला नाही.

मग ११३ रुपयांबद्दल कुणीच काही बोललं नाही.

घरी येऊन मी त्या ओळीचा माग काढायला बसलो. वाटलं होतं, दिल्लीतल्या एखाद्या कायद्यापाशी संपेल. पण गाडी जाऊन थांबली डिसेंबर १९४२ मध्ये.

गारगोटीच्या पोरांना हा महिना वेगळा सांगायला नको. १३ डिसेंबर १९४२ च्या रात्री इथल्या कचेरीवर हल्ला झाला आणि करवीरय्या स्वामी, नारायण वारके यांच्यासह सात जण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. शाळेत असल्यापासून आपण त्यांना अभिवादन करत आलोय. त्याच पंधरवड्यात लंडनमध्ये काय चाललं होतं, ते मात्र आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तिथं सरकारी प्रकाशनांच्या दुकानाबाहेर रांग लागली होती. महायुद्ध सुरू, सगळं रेशनवर, आणि लोक रांगेत उभे होते ते एका रुक्ष सरकारी अहवालासाठी! त्याच्या लाखो प्रती खपल्या. लिहिणारे होते विल्यम बेव्हरिज. गंमत म्हणजे हा माणूस जन्मला हिंदुस्थानात, बंगालमधल्या रंगपूरला. वडील इथंच आयसीएस न्यायाधीश होते.

बेव्हरिजनी पाच राक्षसांची नावं घेतली : दारिद्र्य, रोगराई, अज्ञान, गलिच्छ वस्त्या आणि बेकारी. पहिल्या राक्षसावरचा त्यांचा तोडगा ऐकायला साधा होता. कमावता असताना प्रत्येकानं दर आठवड्याला थोडे पैसे भरायचे, मालकानं भरायचे, सरकारनं भरायचे. मग आजारपण, बेकारी, म्हातारपण आलं की मदत मिळणार, आणि ती हक्कानं. 'हक्कानं' हा शब्द तिथल्या लोकांना का भावला, हे कळायला त्याआधीची दहा वर्षं बघावी लागतात. १९३० नंतरच्या मंदीत बेकारांना मदत मिळायची, पण आधी एक साहेब घरात येऊन काय काय आहे ते मोजायचा. पोरगी चार पैसे कमावते? बापाची मदत कमी. विकण्यासारखं काही आहे? आधी ते विका. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवलेल्यांना हा अपमान समजावून सांगावा लागणार नाही.

चर्चिलनी अहवालाला थंडच प्रतिसाद दिला. १९४५ च्या निवडणुकीत, युद्ध जिंकून दिलेल्या या नेत्याला लोकांनी घरी बसवलं आणि मजूर पक्षाचे क्लेमेंट ॲटली पंतप्रधान झाले. कमी बोलणारा, गर्दीत उठून न दिसणारा माणूस. त्यांनी आरोग्यखातं दिलं अन्यूरिन बेव्हन यांच्याकडं (बेव्हरिज वेगळे, बेव्हन वेगळे, माझाही गोंधळ झाला होता). बेव्हन वेल्समधले, वयाच्या तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेले. ५ जुलै १९४८ ला त्यांची एनएचएस सुरू झाली. डॉक्टर, दवाखाना, सगळं मोफत. पुढं १९५१ च्या निवडणुकीत ॲटली हरले, पण विरोधकांनाही ती बंद करायचं धाडस झालं नाही.

इथं एक गोष्ट पचायला जड जाते. ऑगस्ट १९४२ मध्ये चर्चिल परदेशात असताना गांधीजींच्या अटकेला मान्यता देणारी युद्ध मंत्रिमंडळाची बैठक याच ॲटलींच्या अध्यक्षतेखाली झाली. त्या अटकेनंतर पेटलेल्या आंदोलनातच आपली कचेरी आली. स्वतःच्या कामगाराला पाळण्यापासून सरणापर्यंत आधार द्यायचा म्हणणारी माणसं आपल्यावर गोळ्या झाडणारं राज्यही चालवत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीमुळं दुसरी पुसली जात नाही.

मग तो विचार आपल्या पगाराच्या स्लिपवर आला कसा? तर जुलै १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले होते. मार्च १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम अर्थशास्त्राचे प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडं आलं. पुढच्याच वर्षी त्यांनी अहवाल दिला. लोक त्यांना 'छोटा बेव्हरिज' म्हणत. त्यातूनच कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला, एप्रिल १९४८ मध्ये. म्हणजे कागदावर आपण एनएचएसच्याही आधी! प्रत्यक्ष योजना कानपूर आणि दिल्लीत सुरू व्हायला मात्र फेब्रुवारी १९५२ उजाडलं.

आता हिशेब. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात. १५ हजारांवर ११३ रुपये. मालक ३.२५ टक्के भरतो, म्हणजे ४८८. त्याबदल्यात स्वतःला आणि घरच्यांना उपचार. ठरावीक दिवस वर्गणी भरली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. बाळंतपणाला २६ आठवडे पगारी रजा. आणि कामावर अपघात झाला तर वर्गणीची अटच नाही, पहिल्या दिवसापासून हक्क. या ओळीवर कुणाचा फोटो नाही, कुणी तिचा फ्लेक्स लावत नाही. बहुतेक म्हणूनच ती कुणाला माहीतही नाही.

दवाखान्यात औषध नाही, रेफर करायला आठवडा लागतो, अशा तक्रारी ऐकू येतात आणि त्यात तथ्यही असतं. पण मला जास्त खुपतं ते वेगळंच. ही सगळी रचना कारखान्याच्या गेटपाशी थांबली. वेदगंगेकाठी ऊस तोडणारा, पाटगावकडं भात लावणारी बाई यांचा पगारही नाही, स्लिपही नाही. त्याच काळात जे. पी. नाईकांनी गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं केलं आणि पाचातल्या एका राक्षसाला, अज्ञानाला, खेड्यात येऊन गाठलं. आयुष्याच्या शेवटी तेच नाईक सर्वांसाठी आरोग्याच्या पर्यायी धोरणावर काम करत होते. ते पुस्तक १९८१ मध्ये आलं आणि त्याच वर्षी नाईक गेले.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी बोट गेलेल्या मित्राला फोनवर सांगत होतो. ॲटली-बेव्हन त्यानं फारसं ऐकलं नसावं. ठेकेदारानं वर्गणी भरली नसेल तरी मूळ कारखानदाराची जबाबदारी सुटत नाही, कामगार दावा करू शकतो आणि वसुली मालकाकडून होते, एवढं ऐकल्यावर तो थांबला.

"पण मी तिथंच कामाला हुतो, हे दाखवायचं कसं?"

"काय आहे तुझ्याकडं?"

थोडा वेळ खुडबूड ऐकू आली. पाकिटात जूनचा गेटपास निघाला, घडी पडलेला, पण त्यावर शिक्का होता. दवाखान्याची बिलं आईनं डब्यात ठेवली होती. सोमवारी पहिल्या एसटीनं आम्ही कोल्हापूरच्या ऑफिसला निघालोय.