जुना हीटर लावताय? आधी हे पाहा

कडाक्याच्या थंडीत मोलगीकडच्या डाब, वालंब्याला दवबिंदू गोठतात. मग माळ्यावरचा जुना हीटर खाली येतो. उघडी कॉईल, कापडी वेष्टनाची वायर, दोनच पिना ही त्याची खूण. आत पांढरट तंतूंचा थर दिसला तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो. खरवडू नका, तो हीटर वापरूही नका.

२००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो. दिव्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला ते झेपत नाही. १६ अँपिअरचा सॉकेट, तीन पिना आणि अर्थिंग हवीच. वायरमनने तपासल्याशिवाय बटण दाबू नका. गोधडी, चारा तीन फूट लांब ठेवा. झोपताना पिन काढा.

ग्रामसेवकांनी पंचायतीतला हीटरही पाहून घ्यावा. ऊब एका रात्रीची, घर जन्माचं!