गुप्त ग्राहकाचें प्रमाणपत्र

दुकानांत शिरणारा प्रत्येक माणूस खरेदीसाठींच येतो असें नाहीं. कोणी भाव विचारून परत फिरतो, कोणी पावसाच्या सरीपुरता आसरा घेतो; आणि क्वचित् एखादा मालकानेंच मोल देऊन पाठविलेला असतो! इंग्रजींत त्यास 'मिस्टरी शॉपर' म्हणतात. आम्ही त्यास गुप्त ग्राहक म्हणूं.

अमेरिकेंत या धंद्याचा उगम संशयांतून झाला. पेढ्यांतील व दुकानांतील नोकर गल्ल्यांतील पैसे लांबवितात कीं काय, हें पाहण्याकरितां मालक खासगी गुप्तहेरांना गिऱ्हाइकाच्या मिषानें पाठवीत. १९४० नंतरच्या दशकांत वरील नांव रूढ झालें. पुढें चोरीचा शोध मागें पडून विक्रेत्यांची वागणूक व जागेची टापटीप पाहणें हेंच मुख्य काम होऊन बसलें.

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. विचारपूस किती मिनिटांनीं झाली, हिशेब बरोबर झाला कीं नाहीं, पावती न मागतां मिळाली काय, हें सर्व कागद-पेन्सिल न काढतां लक्षांत ठेवावयाचें आणि घरीं येऊन लांबलचक तक्ता भरावयाचा. 'वागणूक चांगली होती' या उत्तराला तेथें किंमत नाहीं. 'चार मिनिटें कोणी फिरकलें नाहीं' या उत्तराला आहे. निबंधांत 'देखावा फारच सुंदर होता' एवढें लिहून मोकळे होणाऱ्या आमच्या बालवाचकांना हें काम जडच जाईल! मोबदला म्हणाल तर बहुधा वस्तूची किंमत आणि वर थोडेसे पैसे.

आतां प्रमाणपत्राविषयीं. १९९८ सालीं अशा तपासण्या करून देणाऱ्या कंपन्यांनीं अमेरिकेंत 'एम. एस. पी. ए.' नांवाची संघटना स्थापिली. तिनें गुप्त ग्राहकांसाठीं रौप्य व सुवर्ण अशा दोन पायऱ्यांचें प्रमाणपत्र काढलें. निरीक्षण कसें करावें, अहवाल कसा लिहावा हें नवख्यास अशा अभ्यासानें कळतें, यांत शंका नाहीं. परंतु वैद्याची किंवा वकिलाची सनद आणि हें प्रमाणपत्र यांत मोठें अंतर आहे. सनदेवांचून वैद्यकी करतां येत नाहीं. गुप्त ग्राहकाचें काम मात्र प्रमाणपत्रावांचूनहि मिळतें. अमेरिकन सरकारचें फेडरल ट्रेड कमिशन तर स्पष्ट बजावतें कीं, प्रमाणपत्रासाठीं किंवा कामाच्या यादीसाठीं कोणी पैसे मागितल्यास देऊं नयेत.

याहून घातक प्रकार निराळाच आहे. घरबसल्या एक मोठा चेक येतो. 'हा खात्यांत भरा, थोडी रक्कम मेहनताना म्हणून ठेवा आणि बाकीची अमुक ठिकाणीं पाठवून त्या कचेरीचें काम कसें चालतें तें कळवा,' अशी आज्ञा असते. बँक कांहीं दिवसांतच रक्कम खात्यावर दाखविते, त्यामुळें भोळा मनुष्य निश्चिंत होतो. चेक खोटा असल्याचें उघड होण्यास मात्र कित्येक आठवडे लागूं शकतात. तोंवर पाठविलेले पैसे दूर गेलेले असतात, आणि बँक भरपाई मागते ती खातेदाराकडे.

पालकांनीं ओळखण्याची खूण अगदीं साधी आहे. खऱ्या कामांत पैशाचा ओघ उलट असतो: बहुधा गुप्त ग्राहक आधीं पदरचे पैसे खर्चून वस्तु घेतो, पावती व अहवाल पाठवितो, आणि मग कांहीं काळानें त्याचे पैसे त्याला मिळतात.